फ्रिजवरचा डोळा

(दुपार. स्वयंपाकघरात टेबलाशी बाबा आणि त्यांची लेक. टेबलाखाली छोटी, खेळण्यांच्या पसाऱ्यासकट. चमचा खण्णकन फरशीवर पडतो.)

लेक: राहू द्या बाबा, मी उचलते.

बाबा: का? चमचाच पडलाय ना, आभाळ नाही कोसळलं. आवाज इकडून आला, म्हणजे इकडेच कुठेतरी... हा घे. सापडला.

लेक: ती छोटीची चप्पल आहे.

बाबा: असेना. चहात ढवळली नाही म्हणजे मिळवली.

छोटी: आजोबा, चमचा माझ्याकडे आहे! मी त्याचा पूल केला.

बाबा: शाबास. या घरात एकीला तरी नाकासमोरचं दिसतं.

लेक: विषय बदलू नका. फोनवर नेमकं काय सांगितलंत?

बाबा: कुणाला?

लेक: आमच्या डोळ्यांच्या क्लिनिकमधल्या, काउंटरवरच्या ताईंना.

बाबा: त्या गोड आवाजाच्या? त्यांना म्हटलं, बाई, आज दुपारी माझ्या डाव्या डोळ्यात सुई टोचायची आहे ना, ती दुसऱ्या कुणाला तरी टोचा. एखादा गरजू बघून. त्या म्हणाल्या, "बरं आजोबा, मग पुढची तारीख कोणती देऊ?" म्हटलं, पुढची तारीखच नको. काय सांगू तुला, साखरेचा आवाज क्षणात कारल्याचा झाला.

लेक: त्या धावत माझ्याकडे आल्या. मी एका आजींची हनुवटी मशीनवर टेकवून "हलू नका, हलू नका" करत होते. सगळ्यांच्या देखत म्हणाल्या, "अगं, तुझे वडील इंजेक्शन बंद करतायत म्हणे!" आजी दचकल्या. फोटो गेला.

बाबा: पेशंटला दचकवून फोटो काढायचा, ही तुमची नवी पद्धत दिसते. आमच्या स्टुडिओत आम्ही आधी खुळखुळा वाजवायचो.

लेक: हसण्यावारी नेऊ नका. जेवायचा डबा तसाच टाकून आले मी. गाडीवाला खाली थांबलाय. उठा, कपडे बदला.

बाबा: गाडीवाल्याला सोडून दे. छोटीला सांभाळायला मी घरात आहे, तू कामावर जा.

छोटी: मी आजोबांना सांभाळते.

बाबा: ऐक. कारभार कुणाकडे आहे ते कळलं ना?

लेक: बाबा, उजवा डोळा गेला तेव्हा काय केलंत तुम्ही? वर्षभर चष्मेवाल्याला शिव्या देत बसलात. रेघा वाकड्या दिसतात, तर म्हणे भिंत बांधणाऱ्यानेच वाकडी बांधली. दाराची चौकट वाकडी दिसते, तर सुतार दारुडा होता. मला एका शब्दाने बोलला नाहीत. आणि मी रोज सकाळी उठून जगाच्या डोळ्यांचे फोटो काढत होते!

बाबा: सुतार दारुडा होताच.

लेक: आता हा एकच उरलाय. एकच! आणि याच्यात गळती आहे. कच्च्या, नको तिथे उगवलेल्या रक्तवाहिन्या आहेत आत, त्यातून पाणी झिरपतं. इंजेक्शनने ती गळती थांबते. वेळच्या वेळी घेतलं तरच थांबते.

बाबा: म्हणजे तुझी डॉक्टरीण प्लंबर झाली. नळ गळतोय, येते आणि आटे आवळून जाते. पण पोरी, घरच पडलं असेल तर नळ आवळून काय उपयोग?

लेक: कोण म्हणतं घर पडलंय?

बाबा: तो म्हणतो. फ्रिजवर लटकलाय तो.

लेक: काय, फोटो?

बाबा: लोकांच्या फ्रिजवर पोराबाळांची चित्रं असतात, समुद्राकाठचे फोटो असतात. आपल्याकडे म्हाताऱ्याचा डोळा. दूध काढायला जावं तर स्वतःच स्वतःकडे वटारून बघतोय.

लेक: छापून आण म्हणून हट्ट कुणी धरला होता?

बाबा: मीच. तुमच्या फोनवरचा फोटो म्हणजे बोट लागलं की पळाला. फोटो कसा, हातात धरता आला पाहिजे, उन्हात नेता आला पाहिजे. तू आणलास, उपकार झाले. आता दोन्ही शेजारी शेजारी आहेत, हिवाळ्यातला आणि परवाचा. मी बघतोय दोन दिवस.

लेक: मग? दिसत नाही का फरक?

बाबा: न दिसायला काय झालं? मोठं मोठं सगळं दिसतं मला. मान जरा तिरकी केली, भिंग धरलं, की बारीकही दिसतं. तो फरक दिसला म्हणून तर फोन केला.

लेक: अहो, पण फरक चांगला आहे!

बाबा: हो का? वा! मी आयुष्यभर फोटो धुतले, आता हिच्याकडून शिकायचं. हिवाळ्यातला बघ जरा. मध्याच्या शेजारी कसा भरगच्च होता. गच्च, घट्ट. मी मनाशी म्हटलं, म्हाताऱ्या, अजून माल शिल्लक आहे. आणि परवाचा? नुसती राख फासल्यासारखा. सपाट, करडा, मिळमिळीत.

लेक: भरगच्च काय होतं?

बाबा: ते काळं.

लेक: काळा डाग?

बाबा: तू त्याला डाग म्हण. कोळसाही काळाच असतो आणि काजळही. चांगलं घट्ट काळं होतं हिवाळ्यात, आता पार उडालं. काळं उडालं म्हणजे उजेड संपला. संपला तर संपला, रडत नाही मी. पण मग मेल्या डोळ्यात सुया कशाला?

लेक: थांबा. थांबा, बाबा. काळं म्हणजे काय?

बाबा: काळं म्हणजे उजेड! तू माझ्याच घरात जन्मलीस ना? निगेटिव्हच्या काचेवर जिथे उजेड जास्त पडतो तिथे काच काळी होते. नवरीचा गोरा गाल निगेटिव्हवर कोळशासारखा दिसतो आणि काळेभोर केस पांढरे फटक. सुरकुतीत मी पेन्सिलीने काळं भरलं की कागदावर ती उजळायची. काळं केलं की उजळतं. सगळी हयात याच्यावर गेली माझी.

लेक: बाबा... तो निगेटिव्ह नाहीये.

बाबा: काय?

लेक: तो निगेटिव्ह नाही. तोच फोटो आहे. काळं म्हणजे काळंच.

बाबा: ना नाक, ना डोळा, सगळ्या शिरा काळ्या, पाठीमागे करडं धुकं. कुठला शहाणा असला पॉझिटिव्ह काढतो?

लेक: मी काढते!

बाबा: मग तशी चिठ्ठी लावायची खाली.

लेक: हिवाळ्यापासून तुम्ही तो डाग बघून खूश होतात?

बाबा: खूश म्हणजे काय, शेजाऱ्यांना दाखवला. म्हटलं, या वयात एवढी डेन्सिटी, असं घट्ट काळं, कुणाचं असतं सांगा.

लेक: देवा.

बाबा: त्यांनीही माना डोलावल्या. हसू नको.

लेक: हसत नाहीये मी.

छोटी: आई हसतेय. टेबल हलतंय.

बाबा: हसू दे. आंधळं दळतं आणि लेक हसते. आता हसून झालं असेल तर सांग बाई, तुझ्या त्या यंत्रात काळं कशाने होतं? ते नाव नको घेऊस. ऑटोफ्लु, फ्लुरो... ते म्हणता म्हणता उरलेले दात पडतील.

लेक: नाव जाऊ दे. डोळ्याच्या बाहुलीतून आत निळा उजेड टाकायचा. बाहेरून काही औषध नाही, रंग नाही, काही नाही. डोळ्याच्या पाठच्या पडद्यातल्या पेशी आपोआप मंद चमकतात. त्या चमकेचा फोटो काढायचा.

बाबा: पेशी का चमकतील? काजवे आहेत का?

लेक: पेशी रात्रंदिवस काम करतात. कामाचा कचरा होतो, वय वाढेल तसा तो त्यांच्यात साठतो. निळ्या उजेडात तो कचरा चमकतो.

बाबा: म्हणजे फोटो कचऱ्याचा?

लेक: असं समजा ना, जिथे माणसं राहतात तिथेच केर निघतो. केर आहे म्हणजे घर नांदतंय. जिथे पेशीच मेल्या तिथे केरही नाही. तिथे काळं.

बाबा: हं.

लेक: आणि काळ्याच्या काठाला कधी कधी जास्त चमकतं. तेही बरं नाही. तिथल्या पेशी दमलेल्या असतात.

बाबा: हं. केर म्हणजे जिवंत, काळं म्हणजे गेलं. नीट सांगितलंस. असं हिवाळ्यातच सांगितलं असतंस तर शेजाऱ्यांकडे अब्रू राहिली असती. बरं, मग... थांब हं. मग परवाच्या फोटोत काळं उडालंय.

लेक: हं.

बाबा: उडालंय ना? सगळीकडे करडं आहे. म्हणजे सगळीकडे केर आहे. म्हणजे घर पुन्हा नांदायला लागलं?

लेक: बाबा, आधी कपडे बदला. उशीर होतोय.

बाबा: अगं, सुईने मेलेलं जिवंत केलं म्हणायचं! आणि मी मूर्ख, फोन करून बसलो. दे बरं तो फोटो काढून. आणि भिंग दे. छोटे, माझं भिंग कुठे आहे?

छोटी: पुलाखाली. ते तळं आहे.

बाबा: तळं जरा उसनं दे. हां. खिडकीशी येतो.

लेक: नंतर बघा ना. गाडीवाला...

बाबा: थांबू दे त्याला. माझं घर नांदतंय की नाही ते मी डोळे भरून बघणार. मान अशी... अशी तिरकी... हां, आलं. आलं बघ. छान. काय ग्रेन आहे. बारीक रवा पडावा तसा. ही मोठी शीर आली, ही अशी खाली उतरली, इथे तिला फाटा फुटला. जरा गाठ आहे फाट्यावर. वा. पुढे चालली... अं?

लेक: काय झालं?

बाबा: काही नाही. परत एकदा बघतो.

लेक: भिंग द्या इकडे. डोळ्याला ताण पडतो.

बाबा: हात लावू नको. ही शीर. हा फाटा. ही गाठ. आणि बोटभर खाली, हा फाटा, ही गाठ. तोच बाक. गाठीच्या डावीकडे तोच पांढरा कण.

लेक: डोळ्यात अशा पुष्कळ शिरा असतात, बाबा.

बाबा: असतील. पण तोच बाक, तीच गाठ आणि तोच कण दोनदा? निसर्गाला एवढा आळस नाही. झाडाला हजार फांद्या फुटतात, दोन सारख्या नसतात. आळस करतो तो माणूस. एकीकडचं उचलायचं आणि दुसरीकडे डकवायचं.

लेक: बाबा, गाडीवाला थांबलाय.

बाबा: तुमच्याकडे कुणी शिकाऊ ठेवलाय का गं?

लेक: नाही.

बाबा: मग हे कुणी केलं? कडेला बघ, जोडाची रेघसुद्धा पुसलेली नाही. दोन दिवस लांबूनच बघितलं म्हणून फसलो. आमच्या स्टुडिओत असलं काम कुणी केलं असतं तर त्याला ट्रे धुवायला बसवला असता, जन्मभर.

लेक: मी केलं.

बाबा: तू?

लेक: मी केलंय ते. क्लिनिकमध्ये खरा फोटो आहे, डॉक्टरांनी खराच बघितलाय, तिथे मी काही केलेलं नाही. फक्त घरी आणलेल्या कॉपीवर केलं. तुमच्यासाठी.

बाबा: माझ्यासाठी. आणि तेही असलं टुकार!

लेक: रागवायचं तर नीट रागवा ना.

बाबा: नीटच रागावतोय. कधी केलंस?

लेक: छोटी आंघोळ करत होती तेव्हा. ती आतून ओरडतेय "आई, साबण डोळ्यात गेला", आणि मी बाहेर लॅपटॉपवर तुमचा डोळा धुतेय. एक हात इकडे, एक तिकडे. शीर मला दिसलीच नाही.

छोटी: खूप झोंबलं होतं.

बाबा: झोंबणारच, राणी. घाईत केलेलं सगळ्यांनाच झोंबतं. पण कशासाठी, तेवढं सांग.

लेक: हिवाळ्यात तुम्हीच म्हणाला होतात. इथेच, याच खुर्चीत. "बदललं आणि बिघडलं, की सुया बंद. मग माझं मी बघून घेईन." आठवतंय?

बाबा: आठवतंय.

लेक: परवा फोटो काढला, स्क्रीनवर आला, आणि मला कळलं, बिघडलंय. तुम्ही हनुवटी टेकवून बसला होतात. विचारलंत, "कसा आलाय?" मी म्हटलं, छान आलाय. स्टुडिओत म्हणतात तसं. मग आता घरी काय नेऊ? खरा नेला तर तुम्ही सुई बंद करणार. म्हणून डाग पुसला.

बाबा: आणि डाग पुसलास म्हणून मी सुई बंद केली.

लेक: हो.

बाबा: म्हणजे खरा फोटो आणला असतास, चांगला काळाकुट्ट, तर मी म्हटलं असतं, "वा, डेन्सिटी वाढली!" आणि नाचत नाचत सुईला गेलो असतो.

लेक: हो ना.

बाबा: माझ्या अडाणीपणाने तुझं काम झालं असतं. तुझ्या हुशारीने घोटाळा केला. बापाला फसवायचं तर आधी बाप कुठे फसलाय ते तरी विचारायचं!

लेक: आता पुरे. मला फार टोचतंय.

बाबा: टोचू दे. माझ्या डोळ्यात महिन्या-दोन महिन्यांनी टोचता, तेव्हा मी काही म्हणतो?

लेक: आणि मला नावं ठेवायला तुम्ही कोण हो? जन्मभर दुसरं काय केलंत? मुरूम पुसलेत, चट्टे पुसलेत, जाड्यांना बारीक केलंत, टकल्यांना केस लावलेत. त्या दुकानदाराला तुम्ही दिलेली मान देवाने दिली नव्हती. लोक पाया पडायचे तुमच्या. मी एक डाग पुसला तर मी खोटारडी.

बाबा: दुकानदाराची मान उत्तमच झाली होती.

लेक: आणि आई? लग्नाच्या फोटोत तिच्या कपाळावरचा व्रण कुणी पुसला?

बाबा: तो विषय नको.

लेक: का नको? तिने तो फोटो भिंतीकडे तोंड करून टांगला. तुम्हाला म्हणाली, "तुमचं लग्न या बाईशी झालंय, तिच्या हातचंच जेवा."

बाबा: वर्षभर मी फोटोची पाठ बघत जेवलो. खिळा, दोरा आणि पुठ्ठा.

लेक: मग?

बाबा: मग काय मग. तुझी आई बरोबर होती. पण तुझी गल्लत होतेय. त्या सगळ्यांच्या घरी आरसे होते, पोरी. माझा फोटो खोटा आहे हे त्यांना रोज सकाळी दात घासताना कळायचं. कळायचं आणि तरी हौसेने टांगायचे. त्यांना मी फसवत नव्हतो, ते मला पैसे देऊन स्वतःला फसवून घेत होते. माझ्या डोळ्याच्या आत बघायला मी कुठला आरसा आणू? तूच तेवढा आहेस. तूच जर रंगवून दाखवायला लागलीस, तर मी बघायचं कुठे?

लेक: (नाक ओढते.)

बाबा: रडू नको. टेबल पुन्हा हलेल आणि छोटीचा पूल पडेल.

लेक: रडत नाही मी. नाक गळतंय.

बाबा: गळू दे. या घरात सगळंच गळतंय. आता सांग, खरं कसं आहे?

लेक: फोनमध्ये आहे खरा. दाखवते.

बाबा: फोन नको. तोंडाने सांग. आणि पेन्सिल फिरवायची नाही.

लेक: डाग वाढलाय.

बाबा: किती?

लेक: हिवाळ्यात तो चंद्राच्या कोरीसारखा होता. मधल्या जागेच्या एकाच बाजूला. आता त्याची टोकं पुढे सरकलीत, घोड्याच्या नालेसारखा झालाय. मधल्या जागेला त्याने तिन्हीकडून घेरलंय.

बाबा: आणि मधली जागा?

लेक: ती आहे अजून. डॉक्टरांनी दोनदा बघितलं. मधोमध एक तुकडा शिल्लक आहे, बेटासारखा.

बाबा: केवढा?

लेक: फोटोत माझ्या करंगळीच्या नखाएवढा.

बाबा: आणि डोळ्यात?

लेक: मोहरीच्या दाण्याहून लहान.

बाबा: तेवढ्यात मी तो फाटा बघितला?

लेक: थोडं तेवढ्यात, थोडं मान तिरकी करून. अक्षरं वाचता, छोटीचा चेहरा सरळ बघता, ते त्या बेटावरूनच.

बाबा: काठ चमकतोय का?

लेक: तुम्ही फार लवकर शिकता.

बाबा: विचारलं ते सांग.

लेक: चमकतोय. थोडा.

बाबा: म्हणजे तिथल्या दमल्यात. बरं. सुई या काळ्याचं काय करते?

लेक: काही नाही. मेलं ते मेलं. सुई फक्त गळतीसाठी. ती बंद केली तर पाणी चढतं, रक्तही येऊ शकतं. मग बेट हळूहळू वगैरे नाही, आठवड्यातही जाईल.

बाबा: आणि सुई घेतली तर राहील?

लेक: पाण्यापासून बहुतेक राहील. डागापासून... ते नाही सांगता येत, बाबा. कुणाकुणाचं वर्षानुवर्षं राहतं. कुणाचं नाही राहत. मी दोन्ही बघितलेत, रोज बघते. खरंच नाही सांगता येत.

बाबा: हे एक वाक्य तू आज पहिल्यांदा न रंगवता बोललीस.

लेक: आता काय करणार तुम्ही?

बाबा: काय करणार? विचार करतोय. मोहरीहून लहान म्हणतेस. पासपोर्टच्या फोटोत माणसाची बाहुली केवढी असते, माहीत आहे? त्याच्याहून लहान. तिच्यात मी पेन्सिलीच्या टोकाने चमक भरायचो. एक ठिपका चुकला की माणूस मेलेला दिसायचा, बरोबर बसला की कागदातून बघायला लागायचा. एवढ्याशा जागेत मी संसार केला, घर चालवलं, तुला शिकवलं. जागा लहान आहे म्हणून मी कधी काम परत केलं नाही.

लेक: म्हणजे?

बाबा: म्हणजे माझा तो निळा सदरा कुठे आहे? निळा नसेल तर जो निळा दिसेल तो दे.

लेक: येताय?

बाबा: येतोय. पण अट आहे. आज सुईच्या आधी नवा फोटो काढायचा, आणि तो जसा येईल तसा या फ्रिजवर लागला पाहिजे. हात लावलास तर तुझी गाठ माझ्याशी.

लेक: नाही लावणार.

बाबा: आणि खाली चिठ्ठी. "हा निगेटिव्ह नाही."

लेक: लावते. हा परवाचा फाडू?

बाबा: मुळीच नाही. तो ठेव. उद्या तुझी लेक काही लपवायला लागली तर दाखवता येईल, की आमच्या घराण्यात हे काम कुणाला धड जमलेलं नाही.

लेक: फोन करते त्या ताईंना. काय सांगू?

बाबा: सांग, गरजू सापडला. म्हातारा आहे, तोंडाळ आहे, पण गरजू आहे. आणि म्हणावं आवाज पुन्हा गोड करा.

छोटी: मी पण येणार!

लेक: तुला न्यावंच लागेल. बूट घाल, चल.

बाबा: मी निघतो पुढे. जिन्याचा कठडा आणि मी जुने ओळखीचे आहोत. तुम्ही या सावकाश.

लेक: सदरा उलटा घातलाय, बाबा!

बाबा: मग तूच म्हणशील तो निगेटिव्ह आहे! येऊ दे डॉक्टरणीला हसू, सुई धरताना तेवढाच हात हलका पडेल. चाललो मी.

लेक: पायऱ्या बघून... हळू उतरा! छोटे, तो पूल राहू दे आता. पाय दे इकडे.

छोटी: आई, बेट म्हणजे पाण्यातली जमीन ना?

लेक: हो. हा बूट उजव्या पायाचा आहे. दुसरा दे.

छोटी: आजोबांच्या डोळ्यात पाणी आहे?

लेक: थोडं आहे.

छोटी: आणि त्यात बेट आहे. छोटुसं.

लेक: हो, आहे. टाच आत घाल. अशी.

छोटी: मग आजोबा त्याच्यावर उभे राहून मला बघतात?

लेक: हो गं. तसंच म्हण. बंद नीट बांधू दे, हलू नको.

छोटी: आणि ते बुडालं तर आजोबा कुठे उभे राहून बघणार, आई?